जिना नसलेल्या गावातली जिन्याची वायरिंग

आमच्या शाळेत तपासणीला साहेब आला की त्याला दुपारी तीन वाजता वाघ सांगायचा, हे काम माझ्याकडे आहे. माझी नेमणूक लिपिक म्हणून झाली, पण लिपिकाचं काम कोणीही रेटू शकतो. वाघ सांगायला अंगात कला लागते. घरच्या लग्नाकार्यात पोरंसोरं मलाच घेरून बसतात, 'मोठेबाबा, सांगा नं' म्हणतात, आणि मी एकच गोष्ट दरवेळी नव्या माणसावर बेतून सांगतो. आमच्या मुख्याध्यापकांनी, ज्यांना सगळी शाळा मोठे सर म्हणते, हा गुण बरोबर हेरला.

पद्धत साधी आहे. साहेब रजिस्टरं चाळत असतात. मी चहा घेऊन जातो आणि सहज विचारतो, "साहेब, जाताना पोंभुर्ण्याच्या रस्त्यानंच ना?" साहेब म्हणतात हो, का? मी म्हणतो, "काही नाही." आणि मागे वळतो. हे 'काही नाही' नीट जमलं पाहिजे. पुढचं सगळं साहेब स्वतःच विचारतात. नाला कुठला, मोटारसायकलवाला कुठचा, पंजा केवढा. साडेतीनच्या आत गाडी फाटकाबाहेर.

खरा वाघ आमच्याकडे आहे, त्याच्याबद्दल मी थट्टा करत नाही. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया टोळीनं जातात, आणि ज्या घरचं माणूस गेलं त्या घरासमोर मी तोंड उघडत नाही. माझा वाघ वेगळा. तो सरकारी वेळेत येतो, आणि त्याच्या कृपेने आमच्या शाळेतलं एकही रजिस्टर आजवर निम्म्याच्या पुढे तपासलं गेलेलं नाही.

तर या शाळेत व्यवसाय शिक्षण आलं. नववी-दहावीला एका भाषेच्या जागी एक धंद्याचा विषय. आम्ही शेती मागितली होती. आम्हाला इलेक्ट्रिकल मिळालं. पलीकडच्या जंगलातल्या शाळेने इलेक्ट्रिकल मागितलं होतं; त्यांना ब्युटी पार्लर मिळालं. विषयाबरोबर शिकवायला एक मॅडम आल्या, कराराच्या, हुशार आणि उत्साही. मॅडमच्या मागून अवजारांची पेटी आली. पुठ्ठ्याची, कमरेएवढी, चारी बाजूंनी पट्ट्या आणि वर लाखेसारखं लाल सील. पोच माझ्या सहीने दिली.

मॅडम दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पेटी उघडायची ना?"

मोठे सर दचकले. "उघडायची? मॅडम, ते सामान जडसंग्रहात चढलं आहे."

जडसंग्रह म्हणजे शाळेतल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. त्यात एकदा वस्तू चढली की ती माणसापेक्षा मोठी होते. पक्कड हरवली तर चौकशी, पेचकसाची मूठ फुटली तर खुलासा, आणि मोठ्या सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांच्या एका मित्राची पेन्शन म्हणे एका हरवलेल्या घंटेपायी अडकली होती. मग आम्ही दोघांनी डोकं लावून असं ठरवलं, की पेटी कोठीत राहील, किल्ली माझ्याकडे राहील, आणि पोरं विषय शिकतील. यात काही विसंगत आहे, हे आम्हाला खरंच वाटलं नाही. नकाशावर गंगा दाखवून भूगोल शिकवतोच ना आपण?

मॅडमनी फळ्यावर पक्कड काढली. टेस्टर काढला. सतरा पोरांनी ती चित्रं वहीत उतरवली. इतकी सुंदर पक्कड महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शाळेच्या वहीत सापडणार नाही. वर्षातून दोनदा पेटी कोठीच्या दारातून दिसेल अशी ठेवून पोरांचा तिच्याभोवती फोटो काढायचो आणि तो वर पाठवायचो. वरून मोबाईलवर अंगठा यायचा.

त्या सतरांत एक माझी मुलगी.

तिने हा विषय का घेतला ते मला कळलं नाही. मी तिला नर्सिंगपर्यंत मनातल्या मनात पोचवून ठेवलं होतं. पांढरे कपडे, सरकारी दवाखाना, भद्रावती नाहीतर चंद्रपूर. दहावीनंतर अकरावी सायन्स, एवढं आमच्या घरात भिंतीवर लिहिल्यासारखं स्पष्ट होतं. माझ्या बापाने आयुष्यभर डोक्यावर टोपलं वाहिलं आणि माझ्या हाती पेन दिला. विहारात दर पौर्णिमेला त्या पेनाचा उल्लेख व्हायचा, मी बाबू झालो त्या दिवशी तर बापाने अख्ख्या वस्तीला बुंदी वाटली. आता त्याच घरातली पोरगी म्हणते, मला आयटीआयला जायचं आहे, चंद्रपूरला, इलेक्ट्रिशियन व्हायचं आहे.

"तुह्या आबानं टोपलं टाकलं ते पक्कड उचलासाठी का?" मी विचारलं.

"टोपलं आन पक्कड एकच हाये का, बाबा?"

"दोन्ही हातातच धरतेत."

"पेन काय पायात धरतेत?"

बायको स्वयंपाकघरात हसली. अशा वेळी बाजू हरलेला बाप करतो ते मी केलं. सौदा केला. म्हटलं, दहावीचं प्रात्यक्षिक घ्यायला नागपूरचा परीक्षक येतो. त्याच्यासमोर करून दाखव, तो जर म्हणाला की पोरीला येतं, तर आयटीआयचा फॉर्म मी स्वतः भरीन. नाही म्हणाला तर अकरावी सायन्स, गुमान.

तिने माझ्या हातावर हात मारला. सौदा पक्का.

आता खरं सांगतो, कारण वय झालं आणि लपवून ठेवायला जागा उरली नाही. किल्ली माझ्या खिशात होती. पेटी उघडणार नाही, अवजार कोणाच्या हाती लागणार नाही, परीक्षक आला तरी तोंडी विचारून फोटो काढून जाईल, हे मला माहीत होतं. करून दाखवायची वेळच येणार नव्हती. अशा मापात सौदा शिवून मी पोरीच्या अंगात घातला, आणि त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पेटी शाळेत सुखरूप होती. घर मात्र हळूहळू उलगडत गेलं. बाजारातून तिने मामाकडून पक्कड, टेस्टर, पेचकस मागवले. पहिल्यांदा दारावरची घंटी गेली. मग मिक्सर. मग उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरची मोटार परातीत उघडी पडली, आणि आम्ही चार दिवस ओला टॉवेल डोक्यावर घेऊन झोपलो. इस्त्री मात्र आधीपेक्षा चांगली तापायला लागली. मला ते पहिल्यांदा हाताला कळलं.

"अजी," बायको म्हणायची, "शाळेचं सामान जपून राह्यले, आन घरचं भंगारात चाललं. त्या पेटीतलं एखादं देऊन टाका नं पोरीले."

"सरकारी सामान आहे ते."

"आन कूलर का पाकिस्तानचा होता?"

दिवाळीच्या सुट्टीत तिने जिन्याची वायरिंग केली. अभ्यासक्रमात ती आहे: एक दिवा, दोन बटणं, एक जिन्याच्या खाली, एक वर, कुठल्याही बटणाने दिवा लागतो, कुठल्याही बटणाने विझतो. आमच्या गावात जिना एकच, पाण्याच्या टाकीचा, तोही लोखंडी शिडीचा. पण आमचा संडास अंगणाच्या त्या टोकाला आहे. तिने एक बटण घरात बसवलं, दुसरं संडासाच्या भिंतीला. घरातून दिवा लावून जायचं, तिकडच्या बटणाने विझवायचं, येताना उलट. बायकोला तर कौतुकाचं भरतं आलं. मी म्हटलं ओल्या भिंतीला करंट उतरतो, आणि दोन महिने बॅटरी घेऊन जात राहिलो. सौदा पाळणाऱ्याने पुरावा वापरू नये, असं माझं मत होतं.

फेब्रुवारीत परीक्षक आले. नागपूरचे, तरुण, हातात टॅबलेट. पोहे झाले, चहा झाला. म्हणाले, "टूल दिसले पाहिजे फोटोत. पॅक असले तरी चालते, सगळीकडे पॅकच असतात."

मोठ्या सरांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा शांती दिसली. मी आणि शिपाई पेटी आणायला कोठीत गेलो. मी एका बाजूने धरली, त्याने दुसऱ्या बाजूने, आणि उचलली.

पेटी वर आली. बूड खालीच राहिलं.

उधई लागली होती. वाळवी म्हणतात तीच. खालून मातीची नळी काढून ती आत शिरली होती आणि निवांत सगळा अभ्यासक्रम खाऊन बसली होती: लाकडी बोर्ड, पुठ्ठे, माहितीपुस्तिका. पक्कड गंजून घट्ट मिटलेली. वायरच्या गुंडाळीवर उंदराचे दात. वर लाल सील मात्र जसंच्या तसं, चकचकीत. शिपाई सीलकडे बघून म्हणाला, "बाबू, वरून कोनी हात नाई लावला हो."

दारात मोठे सर उभे. त्यांच्या मागे परीक्षक, परीक्षकांच्या मागे सतरा पोरं. मोठ्या सरांनी घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजले होते.

"बाबू," ते म्हणाले, "तीन वाजत आले वाटते."

मला कळलं. हात झटकले, घसा साफ केला. "साहेब, जाताना पोंभुर्ण्याच्या रस्त्यानंच ना?"

"हो. काऊन?"

"काही नाही."

इतकं चांगलं 'काही नाही' मी याआधी कधी म्हटलं नव्हतं. परीक्षकांनी नाला विचारला, मी नाला सांगितला. पंजा विचारला, मी दोन्ही हातांनी दाखवला. ते टॅबलेट पिशवीत घालायला लागले. "मग असं करू, तोंडीच आटपू. दोन-दोन प्रश्न. फोटो पोरांचा घेऊन टाकू, पेटीचा नको."

"सर, मले करून दाखवायचं हाये."

ओळीत तिसरी उभी होती ती, माझी पोरगी. मान खाली नव्हती.

"कशानं दाखवशील, बेटा?" परीक्षक म्हणाले. "टूल नाही, वायर नाही."

"घरी हाये सगळं. गाडीनं जाऊन-येऊन दहा मिनिटं लागते."

"अगं, पण उशीर होईल. या बाबूंनीच सांगितलं ना, त्या रस्त्याला..."

हा वाघ पोरीने पाळण्यापासून ऐकला आहे. नाला बदलतो, पंजा वाढतो, हे तिला पाठ आहे. एक शब्द बोलली असती तर माझी अब्रू तिथेच संपली असती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मॅडमही बघत होत्या. सौद्याची मुदत त्या दारातच संपत होती, आणि माझ्या मनासारखी संपत होती. मी फक्त गप्प राहायचं होतं. आयुष्यभर पगार त्याचाच तर घेतला.

"साहेब," मी म्हटलं, "त्या रस्त्याला वाघ नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जंगलात आहे. रस्त्याला नाही. तुम्ही चारचाकीत आहात, पाच वाजता निघालात तरी सुखाने पोचाल. मघाचं मी... सांगायची सवय आहे."

मोठ्या सरांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी शाळाच विकून टाकली. मी गाडीला किक मारली.

घरी पोचलो तो भिंतीवरून बटणं उचकटायला लागलो. बायको भाताचा हात तसाच घेऊन बाहेर आली. "अजी, संडासाचा लाईट काढून कुठी चालले?"

"परीक्षेले."

ती आत गेली. आतून पक्कड, टेस्टर, वायरची गुंडाळी आणून पिशवीत टाकली, वर स्वयंपाकघरातला बल्ब काढून दिला. "फोडू नोका."

शाळेत जुन्या सूचनाफलकाची फळी उलटी केली आणि पोरीने काम सुरू केलं. मी लांब उभा राहिलो, बाप म्हणून नव्हे, जडसंग्रहाचा मालक म्हणून. तिने वायर दातांनी नाही सोलली, पक्कडीने सोलली, एका झटक्यात. दोन बटणांमध्ये दोन तारा ओढल्या. ओठ आवळलेले, कपाळावर घाम. पिन लावली, बटण दाबलं.

बल्ब लागला नाही.

माझ्या मनात काय आलं ते सांगतो. पहिला विचार आला, जिंकलो. त्याच्या पाठोपाठ इतकी लाज आली की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

तिने वायरिंगला हातही लावला नाही. टेस्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये घातला. टेस्टर लागला नाही. "सर, माह्यं बरोबर हाये. शाळेचं बोर्डच मेलेलं हाये."

खरं होतं. त्या वर्गातलं सॉकेट कधी मेलं, कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण दोन वर्षं इलेक्ट्रिकल शिकताना त्यात कोणी काही खुपसलंच नव्हतं. सगळी वरात ऑफिसात आली. माझ्या टेबलाशेजारचं सॉकेट जिवंत होतं, मी तिथे मोबाईल चार्ज करतो. पिन लावली. एका बटणाने बल्ब लागला, दुसऱ्याने विझला, दुसऱ्याने लागला, पहिल्याने विझला. परीक्षकांनी स्वतः चार वेळा करून पाहिलं, लहान पोरासारखं.

"कुठे शिकली गं?"

मोठे सर खाकरले. ते तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "घरी."

मॅडम आपल्या नखांकडे बघायला लागल्या. त्यांचा काय दोष होता? त्यांनी किल्ली तीनदा मागितली होती, प्रत्येक वेळी मला वेगळं काम निघालं होतं.

पोरीने तारा सोडवल्या आणि पक्कड शेजारच्या मुलीच्या हातात दिली. ही मुलगी जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे चार घरांच्या वस्तीवरून, रोज सायकलने येते. वर्गात सगळ्यात सुंदर पक्कड तिच्याच वहीत आहे. दात, मूठ, सावलीसुद्धा. तिने खरी पक्कड भाकरीचा चिमटा धरावा तशी धरली. तिच्या घरी सोलायला मिक्सर नव्हता, उघडायला कूलर नव्हता. वायर सोलता सोलता ती तुटली, पुन्हा सोलली, पुन्हा तुटली. माझी पोरगी शेजारी उभी राहून बोटांनी दाखवत होती, परीक्षकांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. बाकीच्या पंधरांपर्यंत पक्कड पोचलीच नाही. चार वाजले.

निघताना परीक्षकांनी टॅबलेट टेबलावर ठेवून चहा घेतला. मी कप उचलताना पडदा दिसला. सतराही नावांपुढे मार्कांचा एकच आकडा. खालच्या कोपऱ्यात भरल्याची वेळ होती: सकाळचे अकरा दहा. तेव्हा पोहे चालले होते.

"साहेब, हे..."

"अहो, सगळीकडे असंच भरतो," ते म्हणाले. "पोरांचं नुकसान नको." आणि जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छान केलं." त्यांनी ते मनापासून म्हटलं. मग टोल्यावरच्या मुलीलाही म्हणाले, "छान केलं." तेही तितक्याच मनापासून. त्या पोरीचे मार्क खोटे होते, तिलाही ते कळत होतं, आणि खोटे मार्क मिळायची सोय तिला मी करून दिली होती.

घरी आम्ही चालत निघालो, दुपारच्या फेरीत पेट्रोल संपलं होतं. मी गाडी हातात ढकलत होतो, ती पिशवी घेऊन बाजूला. मार्कांचं मी तिला सांगून टाकलं. लपवून पाहिलं असतं, पण दिवसात एकदा खरं बोललं की दुसऱ्यांदा फार जड जात नाही.

ती चालतच राहिली. धानाच्या कापलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागे पडत गेल्या.

मग माझ्यातला बाबू जागा झाला. "तसं पाहिलं तर," मी म्हटलं, "सौद्यात होतं की परीक्षकानं म्हणलं पाहिजे, हिले येते. त्यानं तर सगळ्याईलेच सारखं म्हणलं. म्हणजे नियमानं..."

"परीक्षकाचं जाऊ द्या, बाबा." ती थांबली. "तुम्ही तिथीच उभे होते नं? तुम्ही पाह्यलं नं?"

"पाह्यलं."

"मंग तुम्ही सांगा. मले येते का नाई येते?"

समोरून बैलबंडी आली, आम्ही कडेला झालो. बंडीवाल्याने राम राम केला, मी उत्तर दिलं की नाही आठवत नाही. बापाचा पेन, पांढरे कपडे, भद्रावतीचा दवाखाना, सगळं त्या धुळीत एकदा दिसून गेलं.

"येते," मी म्हटलं. "तुले येते."

ती हसली नाही, गळ्यात पडली नाही. माझी तशी थोडी अपेक्षा होती. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "मंग फॉर्म कवा भरता?"

"पाहू. निकाल लागू दे, कागदपत्रं जमवू, सवडीनं..."

ती रस्त्यातच उभी राहिली. मी गाडी ढकलत दहा पावलं पुढे गेलो आणि मागे पाहिलं, तर तशीच उभी.

"निकालाच्या दुसऱ्या दिवशी," मी ओरडलो.

"सकाळी?"

"सकाळी. पहिल्या बसनं."

तेव्हा कुठे ती चालायला लागली.